निरोगी झाड कुठलं घेतलंस?

६ फेब्रुवारी

दादा,

फूल उत्पादक संघाचं पत्र काल आलं. सुरुवात 'महोदया' अशी आहे. खाली प्रयोगशाळाप्रमुख म्हणून तुझी सही, तीच लपेटदार, जी तू शाळेत असताना प्रत्येक वहीच्या मागच्या पानावर गिरवत बसायचास. ज्या बाईनं तुझं नाक पुसलं, जी तुझ्या शाळेत जाऊन मास्तरांशी भांडली, तिला तू महोदया म्हणतोस. मजकूर छापील आहे हे मला कळतं. सगळ्या उत्पादकांना तोच गेला असणार. पण सही करताना पत्ता नजरेखालून गेला असेलच ना? की आता पत्तेही कुणी दुसरं वाचतं?

आत्यानं पत्र उभ्यानंच वाचलं. मग विचारलं, "हा आपलाच का?"

मी म्हटलं, "हो."

"मग घर विसरला वाटतं," असं म्हणून ती वाफ्यांना पाणी सोडायला गेली. दिवसभर माझ्याशीही बोलली नाही. जणू सही मी केली होती.

आता पत्राबद्दल. आमच्या नर्सरीतल्या डेलियाच्या सातही जातींमध्ये मोझेकचा विषाणू सापडला आहे, सबब सर्व मूळ कंद व त्यांपासून केलेली रोपं एप्रिलअखेर नष्ट करावीत, पहिल्या टप्प्यात दुधी ही जात. न केल्यास नर्सरीचं प्रमाणपत्र रद्द. सातही, दादा. एकही नमुना सुटला नाही.

आमच्याकडे मोझेक नाहीच, असं मी म्हणत नाही. पानाच्या शिरांलगत पिवळे पट्टे येतात, झाड खुजं राहतं, फूल बारीक होतं. मावा एका झाडाचा रस पितो आणि दुसऱ्यावर नेऊन सोडतो. औषध नाही. कंदातून, कलमातून रोग पुढे चालू राहतो, म्हणून झाड उपटायचं. हे सगळं तुला पाठ आहे. तरी तू विसरला आहेस असं धरून मी लिहितेय, त्यात थोडा दुष्टपणा आहे. असू दे. आत्या अजूनही सकाळी उन्हाकडे पाठ करून चालते, पानावर स्वतःची सावली पाडते आणि सावलीत पट्टे शोधते. दर हंगामात काही झाडं ती स्वतः उपटून टाकते. तिच्या नजरेतून काही सुटतातही, हे मी तिच्या तोंडावर तिला सांगितलं आहे.

पण सगळीच्या सगळी झाडं? नुकती फुटलेली, तजेलदार, छातीएवढी वाढणारी? तू वनस्पतिशास्त्र शिकलास, मीही शिकले. मी अजून ते मुलांना शिकवते. शंभर टक्के असा निकाल आला की आपल्याला पूर्वी आनंद व्हायचा का संशय यायचा?

पाच वर्षांपूर्वी या अंगणात उभा राहून तू म्हणालास, "ही भावनेची शेती आहे." आत्या म्हणाली, "तुझी सर्टिफिकेटं तुझ्याजवळ ठेव." तू गाडीत बसलास. तेव्हापासून तू इथे पाऊल टाकलेलं नाहीस. मला सारखं वाटतंय की हे पत्र म्हणजे त्या भांडणाचं उरलेलं वाक्य आहे. तसं नसेल तर मी तुझ्यावर अन्याय करतेय. नसेल तर सांग. पण तू सांग, संघानं नव्हे.

धाकटी

२ मार्च

दादा,

तुझं उत्तर मिळालं. 'आपल्या पत्राच्या अनुषंगाने कळविण्यात येते की निकाल अंतिम आहे.' पुन्हा महोदया. या खेपेला मी महोदया. अभिनंदन, घरातल्या दोन्ही बायका झाल्या.

दुधी गेली. काल.

ओल्या कंदाला आग लागत नाही, हे तुझ्या कार्यालयात कुणाला माहीत आहे का? तो पाण्यानं भरलेला असतो. नुसता फुसफुसतो, उकडल्यासारखा मऊ होतो, पण जळत नाही. म्हणून आधी फावड्यानं तुकडे करायचे, मग डिझेल ओतायचं. तपासनीस खुर्ची मागून सावलीत बसला. आत्यानं दिली. मी नसती दिली.

मी त्याला म्हटलं, "यातलं कुठलं झाड आजारी आहे ते दाखवा तरी."

तो म्हणाला, "बाई, माझ्यावर कशाला चिडता? मी डॉक्टर आहे का? मी फक्त मोजतो."

"मग मोजताना बघता तरी का?"

"बघायला साहेब आहेत," तो म्हणाला. "तुमचेच आहेत म्हणे."

ज्यांना आपण लहानपणी मिशीवाले काका म्हणायचो, ते कुंपणाशी येऊन उभे होते. मिशा आता पांढऱ्या झाल्या आहेत, जीभ तशीच आहे. त्यांचा सगळा माल आठवड्यापूर्वी जळला. मला म्हणाले, "आम्हाला वाटलं, साहेब घरचे, तुम्हाला सूट मिळेल. बघायला आलो होतो." मग आत्याकडे बघितलं आणि फावडं हातात घेऊन तुकडे करायला लागले. कुणी बोलावलं नव्हतं. आत्यानं त्यांना थांबवलंही नाही. दुपारभर दोघं न बोलता कंद तोडत होते, आणि तुझा माणूस मोजत होता.

मला तुझा इतका राग आला की मी कॉलेजात गेले नाही. वर्गात मुलांसमोर मी काय बोलले असते याची खात्री नव्हती.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. तिच्यावर ओरडू नकोस. तिनं काही फोडलं नाही, ती तुझी कड घेत होती. म्हणाली, "अगं, यांनाही काही सुख नाही. रात्र रात्र जागतात. तुलना करायला निरोगी डेलिया लागतो ना, तोच मिळेना यांना. पार परदेशातून मागवला, तोही आजारीच निघाला!"

"मग काय केलं?"

"शेवटी यांनी पाणी वापरलं म्हणे."

"पाणी?"

"हो. पाणी तेवढं बरं निघालं."

ती हसली. मी हसले नाही. फोन ठेवला.

दादा, निरोगी झाड कुठलं घेतलंस? हा एकच प्रश्न आहे माझा. पहिल्या वर्षाच्या मुलांना आपण पहिल्या आठवड्यात सांगतो, की ज्याला काही झालेलं नाही असं एक झाड शेजारी ठेवा, नाहीतर तुमच्या निकालाला अर्थ नाही. पाणी ठेवून इतकंच कळतं की तुझ्या नळ्या स्वच्छ होत्या. झाडाबद्दल पाणी काय सांगणार?

आणि एकही निरोगी झाड सापडलं नाही तेव्हा तुला काय वाटलं? जगातले सगळे डेलिया आजारी आहेत? थर्मामीटरनं घरातल्या प्रत्येकाला ताप दाखवला, अगदी खेळून आलेल्या पोरांनाही, तर माणूस आधी थर्मामीटर झटकतो. तू घर जाळायला निघालास.

थांबते. मला हवं तेच मी ऐकतेय का, हेही मला पाहायला हवं. दुधी जळताना बघितलेल्या बाईला चाचणी चुकीची असावी असं वाटणारच. त्यामुळे मी तुझ्यावर विश्वास ठेवत नाही आणि स्वतःवरही नाही. मी तपासून बघणार आहे.

धाकटी

२८ मार्च

दादा,

मी बिया पेरल्या. आमच्या नाहीत. वेगवेगळ्या दुकानांतून डेलियाच्या बियांची पाकिटं आणली. कुठली कुणाची, कुठल्या देशातली, आमच्याशी काही संबंध नाही. कॉलेजच्या छपरावर, बारीक जाळीच्या आत, नव्या मातीत. मावा आत शिरूच शकत नाही. शिपाई म्हणाले, "मॅडम, मच्छरदाणीत काय झोपवलंय?" मी म्हटलं, "साक्षीदार."

विद्यापीठातल्या माझ्या मैत्रिणीकडे तुझ्यासारखंच यंत्र आहे. तुझी चाचणी तुमच्याच पत्रकात छापलेली आहे, जशीच्या तशी तिनं लावली. कुठलं पान कुठलं, हे मी तिला सांगितलं नाही.

सगळी रोपं पॉझिटिव्ह निघाली. जाळीतली, बियांतून उगवलेली, एकूण एक.

हा विषाणू बीतून फार क्वचित जातो. एखादं रोप आजारी निघालं असतं तर मी गप्प बसले असते. सगळीच्या सगळी निघाली याचा अर्थ तुझी चाचणी रोग पकडत नाहीये, डेलिया पकडतेय. तू झाडांना विचारलंस, "तू डेलिया आहेस का?" त्यांनी बिचाऱ्यांनी खरं सांगितलं.

हे कसं झालं असेल, तेही मैत्रिणीबरोबर बसून वाचून काढलं. कधीकाळी, माणसानं हे फूल अंगणात लावायच्याही आधी, अशाच एखाद्या विषाणूचा तुकडा या झाडाच्या स्वतःच्या डीएनएत शिरला आणि तिथेच राहिला. तो कुणाला आजारी पाडत नाही. आईकडून पोराकडे जातो, आपल्या घरात पुढे आलेले कान जातात तसा. तुझी चाचणी नेमका तो तुकडा शोधते. हे छापून आलेलं आहे, दादा. मला शोधायला एक दुपार लागली. तुला सवडीनं शोधता आलं असतं.

आता खरा आजार कसा ओळखायचा? त्यालाही वाट आहे. जिवंत विषाणूचा डीएनए कवचात बंद असतो. झाडाच्या रसात आधी उघडा डीएनए खाऊन टाकणारं एन्झाइम घालायचं. झाडाचं स्वतःचं सगळं, त्या जुन्या तुकड्यासकट, संपतं. कवचातलं वाचतं. मग कवच फोडून चाचणी करायची. त्यानंतर जे उरेल तो आजार. आम्ही पुढच्या आठवड्यात आपल्या उरलेल्या सहाही जाती अशा तपासणार आहोत. पानं आत्याच तोडून देणार आहे, कारण मी तोडली तर मी नकळत सुंदर पानं निवडेन. तिचा स्वभाव बघता ती मुद्दाम वाईट निवडेल.

मी तुला हे आधी कळवतेय. निकाल आमच्या विरुद्ध गेला तर तोही कळवीन. तू मात्र तोपर्यंत दुसरा टप्पा थांबव. सगळ्यांचा. मिशीवाल्यांच्या पलीकडे अजून अकरा जणांचे कंद साठवणीच्या वाळूत शाबूत आहेत आणि तुझा माणूस खुर्ची मागत फिरतोय.

धाकटी

९ एप्रिल

दादा,

अखेर तुझं स्वतःचं पत्र आलं. हाताने लिहिलेलं, 'प्रिय धाकटे' असं. आत्या म्हणाली, "वाच की मोठ्यानं." मी पहिलं पान वाचलं. दुसरं वाचवेना.

तू लिहितोस, 'तुझं म्हणणं बहुधा बरोबर आहे.' बहुधा! पुढे लिहितोस, की चाचणी चुकीची होती असं जाहीर झालं तर बाहेरचे खरेदीदार संघाच्या कुठल्याच प्रमाणपत्रावर विश्वास ठेवणार नाहीत. म्हणून तू आमच्या नर्सरीची 'फेरतपासणी' करवशील, आम्ही सुटू, आणि बाकीचा टप्पा ठरल्याप्रमाणे पार पडेल. 'इतरांकडे तसंही जुनंच मटेरियल आहे.' शेवटी, 'आत्याला त्रास व्हावा अशी माझी इच्छा कधीच नव्हती.'

मी हे पत्र फाडलं नाही, कारण फाडलं तर मी नंतर स्वतःला सांगेन की तू इतकं वाईट लिहिलं नव्हतंस.

आता मी वचन दिल्याप्रमाणे आमचा निकाल. पाच जाती स्वच्छ आहेत. मखमल आजारी आहे. खरोखर आजारी, एन्झाइमनंतरही, सगळे नमुने.

हे न कळवण्याचा विचार माझ्या मनात आला होता. तो मी काही वेळ मनात ठेवला, चाखूनही पाहिला. पाच सांगायच्या, सहावीबद्दल विषय काढायचा नाही. कुणी विचारलं नसतं. मग लक्षात आलं की तुझ्या पत्रातल्या दुसऱ्या पानाची सुरुवात अशीच झाली असणार.

मखमल म्हणजे आत्याचा जीव. पानं काळपट जांभळी, त्यामुळे पिवळे पट्टे त्यात दिसतच नाहीत. नुसती सावली पाडून भागत नाही, जवळ दिवा धरावा लागतो. "मखमलीला कधी काही होत नाही," असं ती वर्षानुवर्षं सांगत आली, आणि बाकीच्या वाफ्यांत दर हंगामात रोग येत राहिला. तो कुठून येत होता ते आता कळलं.

मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तुझी मैत्रीण चुकली."

"दोनदा केलं, आत्या."

"मग दोनदा चुकली. तुझ्या भावाची चाचणी खोटी, आणि हिची तेवढी खरी? कारण ही तुझी मैत्रीण?"

"पाच जाती तिनंच स्वच्छ म्हटल्या, ते तर लगेच पटलं तुला."

"ते मला माहीतच होतं."

मी ओरडले. मी घरात ओरडत नाही, तुला ठाऊक आहे. म्हटलं, "आपलं घराणंच असं! आवडलं ते खरं, नावडलं ते यंत्राचा दोष. तू इथे, तो तिथे. मधल्यामध्ये मी नळ्या धुतेय!" ती पदर खोचून बाहेर गेली.

काल मी कॉलेजातून आले तेव्हा मागच्या खड्ड्यातून धूर येत होता. मिशीवाले डिझेलचा डबा घेऊन उभे होते. मखमलीचे सगळे कंद तिनं तोडले होते, एकही मागे ठेवला नव्हता. रात्री जेवताना तीच म्हणाली, "दिवा धरून बघितलं सकाळी." मग थोड्या वेळानं, "दिसत होतं गं. बघायचं नव्हतं मला."

त्यानंतर मी तिला तुझ्या पत्राचं दुसरं पान वाचून दाखवलं. झाडं तिची आहेत. सूट घ्यायची की नाही हे मी ठरवू शकत नाही. मला भीती होती की ती हो म्हणेल. तिनं म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, ते मला अजूनही माहीत नाही.

तिनं विचारलं, "आणि मिशीवाल्याच्या पलीकडच्यांचं?"

"त्यांचं जळणार."

ती म्हणाली, "त्याला लिही, सूट नको. सगळ्यांचं थांबव, नाहीतर माझंही जाळ. पण माणूस पाठवू नकोस म्हणावं. तू ये. खुर्ची देईन."

धाकटी

१७ एप्रिल

दादा,

दुसरा टप्पा थांबवल्याचं कळलं. उशिरा का होईना, थांबवलास. हे मी नोंदवते, कारण रागात मी तुझं बरं केलेलं विसरते, आणि तसं मला होऊ द्यायचं नाही.

पण संघाच्या सभेसाठी तू केलेला निवेदनाचा मसुदा मला 'नजरेखालून घालायला' पाठवलास, तो सोबत परत पाठवते आहे. लाल शाईचा राग मानू नकोस. हाताला सवय आहे.

'काही नमुन्यांत त्रुटी आढळून आली.' 'काही' नाही, 'सगळ्या'. आणि आढळून आली म्हणजे? रस्त्यात पडली होती का? कुणी केली ते लिही.

'प्रयोगशाळा सहायिकेकडून तुलनात्मक नमुन्याच्या निवडीत अनवधानाने चूक झाली असून तिच्यावर योग्य ती कारवाई करण्यात येत आहे.'

इथे माझं पेन कागदातून आरपार गेलं. क्षमस्व. पाणी तिनं निवडलं? वहिनी मला फोनवर म्हणाली, "शेवटी यांनी पाणी वापरलं." यांनी. त्या मुलीनं तू सांगितलेल्या बाटलीतून तू सांगितलेल्या नळीत थेंब टाकले. तिच्या जागी माझी एखादी विद्यार्थिनी असू शकते. खरं तर असेलच, या कामाला मुली आमच्याच कॉलेजातून जातात.

मी तुझ्या पाठीमागून काही करणार नाही, म्हणून समोरून सांगते. सभा चोवीस तारखेला, अकरा वाजता. आत्या सभासद आहे, तिच्या वतीनं मी येणार. तू स्वतः बोललास तर मी बसून राहीन. तू हे वाक्य वाचलंस तर मी उठेन, आणि तुझ्या पत्राचं दुसरं पान माझ्या पर्समध्ये असेल. ते वाचायची माझी इच्छा नाही. अजिबात नाही. पण मी वाचीन.

धाकटी

२५ एप्रिल

दादा,

तू बोललास. मी बसून राहिले. त्यामुळे माझी बाजू मी इथे लिहिते.

तू कागद खिशातून काढलास तेव्हा मी पर्स उघडली. मग तू तो न उघडताच टेबलावर ठेवलास आणि म्हणालास, "निरोगी झाड मिळेना, म्हणून मी पाणी वापरलं. सहायिकेनं नाही. मी. तेव्हाच मला थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही, कारण पत्रं निघाली होती." एवढंच. मला वाटलं होतं की हे ऐकून माझा राग उतरेल. उतरला नाही. उलट वाढला, कारण ही चार-पाच वाक्यं तुला फेब्रुवारीत बोलता आली असती. तेव्हा दुधी अजून वाळूत शाबूत होती.

आता कुणी खुर्ची उचलून फेकेल असं मला वाटलं. मग मिशीवाले उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, तुमचं झालं बोलून. आता मी काय लावू ते सांगा." तू मान खाली घातलीस. तू माझ्याकडे बघितलंस, ते मला दिसलं. मी दुसरीकडे पाहिलं. ते मुद्दाम होतं.

स्वच्छ निघालेल्या पाच जातींची कलमं आत्या ज्यांचं जळलं त्यांना देणार आहे, हे तिनं मला सभेला निघताना सांगितलं होतं. मी ते तिथे जाहीर केलं नाही. तुझ्या चुकीवर आमचं औदार्य पांघरलं जावं असं मला वाटलं नाही. घरोघर जाऊन सांगू. मिशीवाल्यांना सांगून झालं. ते म्हणाले, "बाईला म्हणावं, शेंदरी जास्त दे, पिवळी माझ्याकडे टिकत नाही." म्हणजे माणूस ठीक आहे.

आता ठरावाबद्दल. तुझ्या प्रयोगशाळेच्या प्रत्येक निकालावर यापुढे दुसरी सही लागेल, आणि ती माझी, असं सगळ्यांनी हात वर करून ठरवलं. मी ते मागितलं नव्हतं. तू राजीनामा द्यावास असं दोघांनी सुचवलं, तेव्हा मी गप्प होते. ठराव आला तेव्हाही. घरी येऊन आत्याला सांगितलं, तर म्हणाली, "दोघं एका टेबलावर? मला बघायला यायला हवं." ती विनोद करत होती की नाही ते मी विचारलं नाही.

मी हे काम घेतेय. तुझ्यावर विश्वास आहे म्हणून नाही. विश्वास नाही म्हणूनच तर हे काम आहे. आणि माझ्याही सहीवर कुणीतरी नजर ठेवायला हवी, ते काम तू कर. मला चूक दाखवताना तुला आनंद होईल, तेवढा मी होऊ देईन.

सोमवारी दहाला येते. छपरावरच्या रोपांतली सहा एन्झाइमच्या चाचणीत पूर्ण स्वच्छ निघाली आहेत. त्यांतली दोन कुंडीतून घेऊन येईन. टेबलावर खिडकीशी जागा कर, आणि खिडकीला बारीक जाळी बसवून घे, मावा शिरता कामा नये. पाण्याची बाटली राहू दे, तीही लागते. तिच्या शेजारी आता झाड असेल.

धाकटी